दहा घरांचा पट आणि वहिनीचा रविवार

तुम्हाला बुद्धिबळाचा कंटाळा आलाय, की हरण्याचा? खरं सांगा. कारण "जुना खेळ आता संपला, त्यात नवं काही उरलं नाही" असं मला ऐकवणारी जेवढी माणसं बारामतीत भेटली, त्यातल्या एकालाही दोन प्यादी आणि एक हत्ती उरलेला डाव शेवटपर्यंत नीट नेता येत नव्हता. खेळ संपला नव्हता. यांचा दम संपला होता. आणि दम संपलेल्या माणसाला नेहमी वाटतं, की आणखी दोन ताकदवान मोहरे मिळाले असते तर आपण जिंकलो असतो.

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून बोलत नाही. त्या दोन मोहऱ्यांच्या मागं मीही लागलो होतो. त्याची किळस अजून गेलेली नाही.

आमचं घर इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडं. थोडा ऊस, थोडी पेरूची बाग. वडिलांना सगळा गाव तात्या म्हणतो, आम्हीही तात्याच म्हणतो. तात्यांनी शेती केली, पण आयुष्य घालवलं पत्रकांत. कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली की पत्रक, उसाच्या काट्यात खोट दिसली की पत्रक. मी बाराखडी शाळेत शिकलो आणि वाचायला शिकलो ते या पत्रकांवर. उरलेली पत्रकं कोरी बाजू वर ठेवून खळीनं एकमेकांवर चिकटवून तात्यांनी जाड पुठ्ठा केला होता, त्यावर शाईनं चौसष्ट घरं आखली होती. आमचा पट तो.

मी नोकरीसाठी बारामतीला आलो आणि तात्यांना खेळायला जोडीदार उरला नाही. ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसायचे. एक दिवस लसूण सोलता सोलता वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणाली, "तात्या, त्यो घोडा उचला की. मरतोय."

तात्यांनी पटाकडं पाहिलं. घोडा खरंच मरत होता. "तुला कुणी शिकवलं गं?"

"तुमीच. रोज बडबडताय न्हवं का एकट्यानं."

त्या दिवसापासून सासरा आणि सून समोरासमोर बसायला लागले. दोन वर्षांत वहिनी तात्यांना हरवायला लागली. तिच्या खेळात झगमगाट काही नव्हता. प्यादी जपायची, एकमेकांच्या आधारानं एक एक घर वर सरकवायची, आणि समोरचा मोठ्या मोहऱ्यांच्या मारामारीत गुंतला की एखादं प्यादं हळूच शेवटच्या ओळीत नेऊन वजीर करायची. तात्या वैतागायचे, "ही माझी सून न्हाय, मुंगी हाय मुंगी."

वहिनी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. सहा दिवस काम, रविवारी सुट्टी. त्या सुट्टीतले दुपारचे तीन तास ती इंदापूरला जायची. तिथं एका निवृत्त गुरुजींच्या ओट्यावर सहा-सात माणसं बुद्धिबळ खेळतात, त्यात दोन बायका. घरातलं सगळं आवरून, स्वयंपाक करून जायची, तीन तासांच्या पुढं कधी थांबायची नाही. आठवड्यातले एवढेच तीन तास तिचे स्वतःचे होते.

पण बाग वाढली. पेरूला फोमची जाळी लावायची, पिशव्या घालायच्या, आणि रविवारी मजूर मिळत नाहीत. दादा कुरकुरायला लागला.

"सगळी बागंत आन तू त्या गुरुजीच्या ओट्यावर. लोकं इचारत्यात."

"काय इचारत्यात?"

"बायकू कुठं गेली म्हणत्यात."

"मंग सांगा की, घोडं नाचवाय गेलीय."

आई फस्सकन हसली. दादाला ते लागलं. तो म्हणाला, "बारामतीत स्पर्धा हाय म्हणं. पाच डावांची. त्यातलं तीन जिंकून दाखव. जिंकलीस तर रविवार तुजा, मी परत त्वांड उघडणार न्हाय. न्हाय जिंकलीस तर तितनं म्होरं रविवारी बाग."

वहिनीनं हातातली परात खाली ठेवली. "तीन न्हवं? तात्या, तुमी साक्षीला हाय."

बाई कंपनीत राबते, घरात राबते आणि तीन तासांसाठी तिला परीक्षा द्यावी लागते, हे मला तेव्हाही घाण वाटलं होतं. मी दादाशी भांडलो. वहिनीनंच मला गप्प केलं. "भावजी, भाषान नगं. मी जिंकती की."

ही स्पर्धा बारामतीतला एक बुद्धिबळाचा क्लास भरवत होता. मी ज्या छापखान्यात काम करतो, तिथंच क्लासचे सर पत्रक छापायला आले. मी तिथं अक्षरजुळणी करतो आणि कुणाला मजकूर सुचत नसेल तर लिहूनही देतो. सरांनी टेबलावर एक नवा पट उलगडला. आडवी दहा घरं, उभी आठ. राजा-वजिराच्या बाजूला दोन नवे मोहरे. एक सेनापती, तो हत्तीसारखा सरळही जातो आणि घोड्यासारखी उडीही मारतो. दुसरा अमात्य, तो उंटासारखा तिरकाही जातो आणि घोड्यासारखी उडीही मारतो. करकरीत प्लॅस्टिक, उघडल्या उघडल्या नाकात शिरणारा वास.

"यंदाची स्पर्धा या पटावर," सर म्हणाले. "जुन्या खेळात आता काय राहिलंय? पोरं वीस-वीस चाली पाठ करून येतात. वर बरोबरीवर बरोबरी. इथं सगळं नवं. पाठांतराला जागाच नाही."

माझी चूक इथं सुरू झाली, आणि ती वाईट हेतूची नव्हती हीच तिची गंमत. मला वाटलं, हे तर आपल्याच बाजूचं आहे! क्लासची पोरं पुस्तकं पाठ करून बसतात, वहिनीला पुस्तक कुणी दिलं? पट नवा असेल तर सगळे एका रेषेवर येतील. ज्यांच्याकडं क्लास आहे आणि ज्यांच्याकडं पुठ्ठ्याचा पट आहे, ते सारखे होतील. मी उभ्या उभ्या लिहून दिलं: "आठ घरांच्या कोंडवाड्यात किती दिवस राहणार? चौकट मोडा! नवे मोहरे, नवा विचार, सर्वांना समान संधी!" सर खूष झाले. नियमांचा एक कागद देऊन गेले.

पत्रकात जागा कमी पडली. स्पर्धेच्या प्रमुख पाहुण्यांचा फोटो मोठा हवा होता, तसा निरोपच होता. मग मी नियमांतली शेवटची ओळ पेन्सिलीनं खोडली आणि उरलेलं बसवलं. ती ओळ मी वाचली होती. तिचा अर्थ लावायला थांबलो नव्हतो.

स्पर्धेच्या दहा दिवस आधी मी एक नवा पट घेऊन घरी गेलो. अंगणात खाटेवर मांडला. तात्यांनी अमात्य उचलून उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यो काय परकार हाय?"

"उंट आणि घोडा, दोन्ही."

"आन ह्यो?"

"हत्ती आणि घोडा."

"दोघांच्याबी घरात घोडंच शिरलंय व्हय रं?" तात्या म्हणाले. "मंग ह्यांला चारा किती लागंल?"

वहिनी मात्र हसत हसत शिकली. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी आम्हाला मजा आली. सेनापती आला की धूळधाण. बारा चालींत डाव खलास, पुन्हा मांडा. सहा डाव झाले, एकाही डावात प्यादं अर्ध्या पटाच्या पुढं गेलं नाही. सातव्या डावाला वहिनीनं पट बाजूला सारला.

"काय झालं?"

"न्हाय, जिकली की मी. पर मी काय केलंच न्हाय, भावजी. त्यो सेनापतीच खेळतोय. मी नुस्ती हात लावती."

मी तिला म्हटलं, सवय होईल. पत्रक लिहिणारा माणूस स्वतःच्या पत्रकावर पटकन विश्वास ठेवतो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं बारामतीला पोचलो. मंगल कार्यालयाचा हॉल, दारात फ्लेक्स, फ्लेक्सवर माझीच वाक्यं आणि भलत्याच माणसाचा फोटो. आत पाऊल टाकलं आणि मला पहिला धक्का बसला. क्लासची पोरं पहिल्या सहा-सात चाली घड्याळाकडं न बघता धडाधड करत होती. सगळ्यांच्या चाली तंतोतंत सारख्या. एकाला विचारलं तर म्हणाला, "दोन महिने झाले, आम्हाला सरांनी याच्या वह्या दिल्यात." पाठांतर गेलं नव्हतं. फक्त त्याच्या वह्या आता एकाच माणसाकडं होत्या. समान संधी!

तरीही वहिनीनं दोन डाव काढले. पहिला अकरा चालींत जिंकली आणि तोंड कडू करून बाहेर आली. दुसरा आणि तिसरा हरली. चौथा मात्र तिच्या पद्धतीनं खेळली, मोठे मोहरे अंगाशी धरून, प्यादी सांभाळत, आणि घामाघूम होऊन जिंकली. दोन झाले. पाचवा डाव राहिला. तो जिंकला की रविवार तिचा.

समोर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी होता, क्लासचाच. मी दोरीच्या बाहेर उभा. चाळीसेक चाली झाल्या असतील. वहिनीचा एक उंट मेला होता आणि बरीचशी प्यादी. वजीर, हत्ती, सेनापती, सगळे जिवंत. त्याचे मोठे मोहरे तिच्या राजाच्या भोवती घोंघावत होते, पुढच्या चालीला मात दिसत होती. पण त्याआधी चाल वहिनीची होती, आणि तिचं एक प्यादं सातव्या ओळीत पोचलं होतं. एक पाऊल, वजीर, आणि त्या वजिराच्या शहातच त्याच्या राजाला मात. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं नाही. पण मला तिचे खांदे दिसले. जिंकल्याचे खांदे होते ते.

तिनं प्यादं शेवटच्या घरात ठेवलं आणि हात वर केला. "पंचसाहेब, एक वजीर द्या."

पंच आले. "ताई, तुमचा वजीर जिवंत आहे."

"व्हय. दुसरा द्या."

"दुसरा मिळत नाही. या खेळात मेलेल्या मोहऱ्यांतलाच घ्यायचा असतो. तुमचा कोण मेलाय?"

"उंट."

"मग उंट घ्या."

"असं कुठं लिवलंय?"

"नियम आहे, ताई."

"मंग प्यादं माघारी घेती."

"चाल झाली आता."

तिनं उंट घेतला. त्या घरातून उंटाचा शह बसत नव्हता. पुढच्या चालीला सेनापतीनं उडी मारली आणि वहिनीला मात झाली. पोरगा उठून हात मिळवायला गेला. वहिनी पटाकडं बघत होती. तिनं आयुष्यभर जे कमावलं होतं, मोहरे जपायचे, त्याचीच तिला शिक्षा झाली होती. समोरच्यानं तिचा वजीर आधी मारून टाकला असता, तर तिला वजीर मिळाला असता.

"कंपनीवानीच हाय की," ती शेवटी म्हणाली. "वरचा मेल्याबिगर खालचा वर न्हाय."

मी सरांकडं धावलो. "हा नियम पत्रकात नव्हता!"

सरांनी शांतपणे फायलीतून कागद काढला. त्यांच्याच अक्षरातले नियम. शेवटची ओळ: "प्याद्याची बढती फक्त आपल्या मेलेल्या मोहऱ्यांतून." तिच्यावरून पेन्सिलीची रेघ. माझी.

"तुम्हीच काढलीत ना?" ते म्हणाले. रागानंही नाही. मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पण भाषा काय लिहिलीत! लोक पत्रकामुळंच आलेत."

बक्षीस समारंभात शाली झाल्या, नारळ झाले. खेळणारी माणसं मागच्या खुर्च्यांवर जांभया देत बसली आणि पुढं बसलेल्या एकालाही अमात्य कसा चालतो हे माहीत नव्हतं. पाहुणे म्हणाले, जग वेगानं बदलतंय, बुद्धिबळानंही बदललं पाहिजे. टाळ्या. मग सरांनी पत्रकाचा लेखक म्हणून मला पुढं बोलावलं. लहानपणापासून मी ठरवून ठेवलं होतं, अशा वेळी खरं काय ते कसं बोलायचं, माइक कसा हातात घ्यायचा. मी गेलो. हात पुढं केला. गुलाब घेतला आणि खाली आलो. त्या फुलाचा ओला देठ हातात धरून बसलेला मी, याहून ओंगळ चित्र मला माझ्या आयुष्यात दुसरं आठवत नाही.

परतीच्या एसटीत वहिनी खिडकीशी बसली. भवानीनगरच्या थांब्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमुळं गाडी खोळंबली, तेव्हा ती बोलली.

"भावजी, एक इचारू? त्यांनी ते जादा मोहरं कशापायी घातलं?"

"खेळ रंगतदार व्हावा म्हणून."

"कुणाला रंगत न्हवती?"

मग मी तिला पेन्सिलीच्या रेघेचं सांगितलं. सगळं. इंदापूरच्या स्टँडवर उतरताना ती म्हणाली, "घरी तुमी सांगायचं. मी न्हाय सांगणार."

घरी मी सांगितलं. तात्यांनी पत्रक मागितलं, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"फोटू लई झ्याक आलाय," ते म्हणाले. "ज्या वळीबिगर माणूस फसंल, ती वळ आदी छापायची. राह्यली जागा तर मंग घोषणा. एवढं शिकवाय मी कमी पडलो व्हय रं तुला?"

दादा उंबऱ्यात बसून ऐकत होता. "हरली ती हरलीच की," तो म्हणाला. मग उठता उठता, "साधा पट असता तर?"

"तर तुझी बायको वजीर करून जिंकली असती," मी म्हणालो.

दादा वाईट माणूस नाही. हट्टी आहे. त्यानं वहिनीकडं पाहिलं. "मंग साध्या पटावर दाखव. तालुक्याच्या भायेर, हितं समदी वळखीची. पाचात तीन, बोली तीच. तवर मातुर बाग."

वहिनी "बरं" म्हणाली आणि पुढच्या रविवारी पेरूला पिशव्या घालायला गेली. तेव्हापासून दर रविवारी जाते.

या काळात मी त्या दहा घरांच्या पटाचा पुष्कळ विचार केला. नुसता राग म्हणून नाही, खेळ म्हणून. नव्यात काहीच चांगलं नाही असं मी म्हणणार नाही. दोन मित्र हौसेनं नवे मोहरे घालून खेळत असतील तर खेळोत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण याला सुधारणा म्हणू नका. साध्या पटावरचा उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांतून फिरतो, दुसऱ्या रंगावर काय चाललंय त्याबद्दल तो काहीही करू शकत नाही. म्हणून त्याला जोडीचा उंट लागतो, घोडा लागतो, मागून एखादं प्यादं लागतं. घोड्याला लांब जाता येत नाही. हत्तीला वाट मोकळी करून द्यावी लागते. प्रत्येकात काहीतरी कमी आहे, आणि ते कमी दुसऱ्यानं भरून काढायचं, यातून खेळ उभा राहतो. सेनापतीला कुणाची गरज नाही. ज्याला कुणाची गरज नाही असा मोहरा पटावर आला, की बाकीचे सगळे बघे होतात आणि प्यादी नुसती चिरडण्यासाठी उरतात. ताकद वाढली म्हणजे खेळ वाढला असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो खेळ नीट पाहिलेलाच नाही. बरोबरीचंही तसंच. दोघं तीन तास झगडले आणि कुणीच हरलं नाही, यात लाज कसली? ती लाज पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना वाटते, कारण त्यांना शाल कुणाच्या खांद्यावर घालायची हे कळत नाही.

तीन महिने मी साधी स्पर्धा शोधतोय. बारामतीच्या क्लासनं सगळ्या स्पर्धा नव्या पटावर नेल्या. इतर ठिकाणी आहेत त्या शाळेच्या पोरांच्या, वयाची अट घातलेल्या, नाहीतर कामाच्या दिवशी. कंपनीत पॅकिंग करणाऱ्या बाईनं मंगळवारी दुपारी कुठं जायचं?

म्हणून मी तुमच्याकडं मागतोय. तुम्ही इंदापूर तालुक्याच्या बाहेर कुठंही राहत असाल, दौंडला, फलटणला, माळशिरसला, तर तुमच्या गावात बुद्धिबळाची एक साधी स्पर्धा भरवा. हॉल नको, देवळाचा मंडप चालेल. पाहुणा नको. चौसष्ट घरांचे आठ-दहा पट गोळा करा, एखाद्या पटात मोहरा कमी असेल तर बाटलीचं झाकण ठेवा. वयाची अट घालू नका, बायकांना मुद्दाम बोलवा, पाच फेऱ्या ठेवा आणि दिवस रविवारचा ठेवा. ठरलं की इंदापूरच्या बाजारात पेरू विकायला बसलेल्या कुणाच्याही कानावर घाला. आमच्यापर्यंत पोचेल, आणि वहिनी पहिल्या एसटीनं येईल.